शाळेच्या अंगणास सावली

(ज्युबिली समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या सभेत आपल्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून ते येथे छापले आहे.)



ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मगुरूने काय बोलावे ह्याचा एक पाठ ठरून गेलेला आहे. प्रथम पूर्वी होऊन गेलेल्या धर्मगुरूंचे स्मरण करावे, मग देणगीदारांचे आभार मानावेत, आणि शेवटी तरुणांस दोन उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात. ह्यांपैकी पहिली दोन कामे काल मिस्साबलिदानाच्या वेळी झाली. तिसरे मी करणार नाही. कारण ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे त्यात मी स्वतः एकदा सपशेल नापास झालेलो आहे. नापास झालेल्याने उपदेश करू नये, आपले गणित कोठे चुकले एवढेच सांगावे. विषय आहे आपल्या शाळेचे अंगण.

ज्युबिली समितीच्या मागील बैठकीत एक सूचना आली, ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्यातीलच एका दानशूर सद्गृहस्थांनी शाळेच्या संपूर्ण पटांगणास सिमेंटचे ठोकळे बसवून देण्याची तयारी दाखविली आहे. सूचना बहुतेकांस आवडली, आणि ती आवडावी ह्यात नवल नाही. पावसाळ्यात आपल्या अंगणात काळ्या मातीचा असा काही चिखल होतो की मुलाचा पाय निघतो पण चप्पल निघत नाही. आयाबायांस कपडे धुता धुता पुरेवाट होते. त्या दिवशी मी गप्प राहिलो, व माझ्या गप्प राहण्यास मंडळींनी संमती समजले. तो दोष माझा. आज ह्या सभेत ते मौन सोडतो.

प्रथम माझ्या नापास होण्याची हकीकत. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. त्या वेळी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो व तेथील शाळेचा कारभार माझ्याकडे होता. आम्हीही उत्साहाने साठ रोपे आणली. बँड वाजला, प्रत्येक वर्गाने आपापले रोप लावले, छायाचित्रे निघाली व वर्तमानपत्रात छापूनही आली. पाऊस चांगला झाला. दिवाळीपर्यंत रोपे गुडघ्याएवढी झाली. मग हिवाळा गेला, परीक्षा आल्या, एप्रिलच्या अखेरीस शाळा सुटली, आणि मी पुढल्या जूनमध्ये अंगणात हिंडून मोजणी केली तेव्हा साठांपैकी चार रोपे जिवंत होती. छप्पन्न ठिकाणी वाळलेल्या काड्या उभ्या होत्या, आणि काही ठिकाणी तर काडीही नव्हती.

ती चार का जगली ह्याचा मी पुष्कळ विचार केला. रोपे त्याच रोपवाटिकेतली, माती तीच, ऊनही तेच. मग एके दिवशी दुपारच्या सुटीत उत्तर आपोआप डोळ्यांपुढे आले. चारही रोपे नळाच्या कट्ट्यापाशी होती. मुले तेथे जेवणाच्या ताटल्या धुवीत असत. ते पाणी वाहत जाऊन रोपांच्या मुळाशी मुरत असे. सुटीत मुले नव्हती तेव्हा कुंपणापलीकडच्या झोपडीतील एक बाई त्या नळावरून पाणी भरावयास येई, व तिची घागर हिंदकळून जे सांडे तेच त्या रोपांस मिळे. बँड वाजविणारे आम्ही सर्व घरी गेलो होतो. झाडे राखली ती त्या बाईच्या सांडलेल्या पाण्याने. आणि खरे सांगावयाचे तर तिला कुंपणाच्या आत येण्याची परवानगीही नव्हती. ती फटीतून येत असे.

दुसरी हकीकत ह्याच शाळेची आहे, व तीही माझ्याच दोषाची. मागील वर्षी मार्च महिन्यात बक्षीससमारंभ झाला. पाहुणे उशिरा आले, भाषणे लांबली, आणि त्यांत सर्वांत लांबलेले भाषण माझे होते. आम्ही पाहुणेमंडळी मंडपाखाली होतो. मुले उन्हात होती. बारा वाजून गेले होते. पाचवीतील एक मुलगी पायऱ्यांपुढे भोवळ येऊन पडली. देवकृपेने तिला फारसे काही झाले नाही; पाणी पाजले, गार पट्ट्या ठेवल्या, सायंकाळी ती खेळू लागली. पण तिला उचलून सावलीत न्यावे म्हणून शिक्षिका धावल्या तेव्हा सावली कोठे आहे हेच त्यांना क्षणभर कळेना. एवढ्या मोठ्या अंगणात एक झाड नाही! शेवटी तिला माझ्या कचेरीत आणले.

आपल्या वऱ्हाडचे ऊन कोणास वर्णून सांगावयास नको. अमरावती-अकोल्यास मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वरही जातो. परंतु सावलीतला पारा व उघड्या सिमेंटवरचा पारा ह्यांत केवढे अंतर असते ते ज्याने उन्हात अनवाणी गच्चीवर पाऊल ठेवले आहे त्यास विचारावे. सिमेंट दिवसभर ऊन पिते व रात्री ते ओकते. झाड मात्र पानांतून ओलावा सोडून आपल्याखालची हवा गार ठेवते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस खेळाचे मैदान असावे व भोवती भिंत वा कुंपण असावे असे ठरविले, हे योग्यच झाले. मैदानावर सावली असावी असे मात्र त्या परिशिष्टात लिहिलेले नाही. जे लिहिलेले नसते ते आपणाकडे सहसा होत नाही.

त्या मार्चातील प्रसंगानंतर काही दिवसांनी मी नागपूरहून मोटारीने परत येत होतो. तिवसा मागे पडले व मोझरी आले. दुपार कलली होती. हा रस्ता मी शेकडो वेळा केला आहे, पण गुरुकुंजात उतरण्याचा योग क्वचितच आला होता. त्या दिवशी उतरलो.

तुकडोजी महाराजांविषयी मी वऱ्हाडातल्या माणसांस सांगावे हे सूर्यास काजव्याने वाट दाखविण्यासारखे आहे. १९०९ साली यावली येथे जन्म. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रमाची स्थापना. खंजिरीवरील भजनाने गावेच्या गावे जागी करणे. आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देहावसान. त्यांच्या पुण्यतिथीस लाखो माणसे तेथे जमतात, सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी सर्व स्तब्ध उभी राहतात, आणि मग निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात, हेही आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत, आणि त्यांत ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य अशा विषयांस स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. देवाच्या नावाने लिहिलेल्या ग्रंथात गावच्या रस्त्यांचा व उकिरड्यांचा विचार यावा हे काही जणांस चमत्कारिक वाटले असेल. मला त्यात चमत्कारिक काही वाटत नाही.

माझे लक्ष मात्र त्या दिवशी एका शब्दाकडे गेले. महाराजांनी आपल्या स्थानास मठ म्हटले नाही, पीठ म्हटले नाही, कुंज म्हटले. जेथे गुरू आहे व झाडांची सावली आहे ते गुरुकुंज. मी मनात म्हटले, ह्या अर्थाने पाहिले तर प्रत्येक शाळा गुरुकुंजच असावयास पाहिजे. आपल्याकडे गुरू आहेत, कुंज नाही.

तेथे एका कडुनिंबाखाली एक वृद्ध सेवक पाचोळा गोळा करीत बसले होते. मी जवळ जाऊन बसलो. माझ्या झग्याकडे पाहून त्यांनी हात जोडले व पाण्याचा तांब्या पुढे केला. बोलता बोलता मी माझ्या साठ रोपांची गोष्ट त्यांस सांगितली व विचारले, "बाबा, एवढ्या उन्हाळ्यात येथली झाडे कशी जगतात?" ते हसले. म्हणाले, "उन्हाळ्यात इथं मानूस रायते नं बाप्पा, मंग झाड बी रायते. तुमची शाळा तं बंद रायते."

बंधुभगिनींनो, साठ रोपांच्या गणितात मी काय चुकलो होतो ते त्या एका वाक्यात आले. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा इतर महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे ज्या सात-आठ आठवड्यांत रोपाच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत शाळेस कुलूप असते. मुले मामाच्या गावी, शिक्षक आपापल्या घरी, धर्मगुरू वार्षिक चिंतनशिबिरास. शाळेचे अंगण हिरवे करावयाचे असेल तर ते केवळ शाळेच्या बळावर होणार नाही. जी माणसे मे महिन्यात येथेच असतात, म्हणजे भिंतीपलीकडची वस्ती, तिच्यावाचून ते होणे नाही. आणि ज्या अंगणात तिला पाऊल टाकता येत नाही त्या अंगणास तिने पाणी का घालावे?

ही गोष्ट काही मी नव्याने शोधलेली नाही. आपल्या शेजारीच, वर्धेपाशी, सेवाग्राम आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, झाकीर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, व नयी तालीम नावाने जी शिक्षणपद्धती निघाली तिच्यात शेतकाम व बाग हे शिक्षणाचेच अंग मानले गेले. ते काम ज्यांनी अंगावर घेतले त्या दांपत्यापैकी आर्यनायकम् हे सिलोनातील एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले गृहस्थ होते, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. पुढे ती शाळा बंद पडली. २००५ साली आनंद निकेतन ह्या नावाने सेवाग्रामात पुन्हा सुरू झाली, व तेथे मुले आजही मातीत हात घालून शिकतात. वाफ्याची लांबीरुंदी मोजली की क्षेत्रफळ येते; मेथीचे बी किती उगवले हे मोजले की शेकडेवारी येते.

अमरावती शहरातच पाहावयाचे तर तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली. ज्यांस समाजाने घराबाहेर काढले होते त्याच हातांनी तेथे झाडे वाढविली. ज्यांची बोटे झडलेली होती त्यांनी हे केले, आणि धडधाकट हातांची दोनशे मुले व तेवढेच पालक असलेल्या आपणांस ते अवघड वाटते! जाता जाता आणखी एक सांगतो. १९१४ साली स्थापन झालेले आपले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ साली बर्लिनपर्यंत जाऊन कबड्डी दाखवून आले. आखाड्याची माती खणून, चाळून मऊ ठेवतात, ती उगीच नव्हे. सिमेंटच्या ठोकळ्यांवर कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या गुडघ्याचे काय होईल ते आपल्या दानशूर बंधूंनी कृपा करून मनात आणावे.

दूर देशांतही लोकांस हेच कळू लागले आहे, आणि तेथून विशेषतः पैशाची बाजू शिकण्यासारखी आहे. पॅरिस शहरात २००३ च्या उन्हाळ्यात उष्म्याने पुष्कळ माणसे दगावली. त्या शहरातील शाळांची पटांगणे एकत्र मोजली तर ७० हेक्टरांहून अधिक भरतात, आणि ती बहुतेक डांबराने मढविलेली होती. २०१८ पासून नगरपालिकेने ती एकेक करून उकरावयास घेतली. डांबर काढले, माती आणली, झाडे लावली, व पुष्कळ ठिकाणी शनिवारी फाटक शेजाऱ्यांकरिता उघडले. ह्या योजनेस त्यांनी ओअॅसिस, म्हणजे वाळवंटातील हिरवळ, हे नाव दिले. ज्यांनी पूर्वी डांबर घालण्यास पैसा दिला त्यांनाच ते काढण्यास पुन्हा पैसा द्यावा लागला. आपण तो दुहेरी खर्च का करावा? न्यूयॉर्क शहरात २००७ साली शाळेची पटांगणे शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवशी वस्तीस खुली करण्याचा उपक्रम निघाला. पुढे तेथील काही अंगणांच्या खर्चात पाणी व सांडपाणी पाहणाऱ्या खात्यानेही वाटा उचलला. कारण मऊ माती पावसाचे पाणी पिते व गटारांवरचा भार हलका होतो. ज्याच्या कामास जे अंगण पडते त्याने त्याच्या खर्चात भर घालावी, हा हिशेब मला रास्त वाटतो. आपल्या अंगणाचे पाणी आज उतारावरून वस्तीच्या बोळात शिरते. सर्वत्र ठोकळे बसविल्यावर ते दुपटीने शिरेल.

आता पैशाविषयी स्पष्ट बोलतो. पैसा मुळीच मिळत नाही अशी तक्रार करण्यास जागा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांस नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास द्यावा लागतो व त्यात शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही बसतात. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्याने माझी वसुंधरा अभियान सुरू केले, त्यात गावांस व नगरांस हरित कामाकरिता बक्षिसे ठेवली. शाळांच्या परसबागांकरिता केंद्र सरकारने २०१९ साली सूचना काढल्या. परंतु मी जे अनुभविले ते असे, की रोप विकत घ्यावयास, फलक रंगवावयास व उद्घाटनास पैसा चटकन मिळतो. तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आणावयास मात्र कोणी पुढे येत नाही. त्याचे छायाचित्र काय काढावयाचे? सरकारी मोहिमांचीही गत तीच. २०१६ चे दोन कोटी २०१९ साली तेहतीस कोटी झाले. लावलेल्यांचे आकडे सर्वांच्या तोंडी होते. ह्याला एक अपवाद मला आठवतो. २०१० साली राज्याने पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना काढली, तीत लोकसंख्येच्या मानाने झाडे लावून ती जगविणे ही अनुदानाची एक अट होती. हे शहाणपणाचे होते.

आपल्यात वरुड-मोर्शीकडचे संत्रा बागाईतदार आहेत. त्यांस मी विचारतो, संत्र्याची कलमे आणण्यापुरता पैसा हाती आहे, पाण्याची सोय नाही, अशा स्थितीत तुमच्यापैकी कोणी बाग लावील काय? बहार येईपर्यंत चार-पाच वर्षे तुम्ही खर्च करीत राहता, व त्यास कोणी अपव्यय म्हणत नाही. शाळेच्या अंगणाचाच हिशेब आपण पहिल्या पावसाबरोबर का मिटवितो?

प्रभूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे. धनी तीन वर्षे फळ शोधतो, मिळत नाही, व झाड तोडण्यास सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. त्या वर्षात तो मुळाभोवती खणणार आहे व खत घालणार आहे. आजवर ह्या दृष्टान्तावर मी पुष्कळ प्रवचने केली आणि प्रत्येक वेळी देवाच्या सहनशीलतेविषयी बोललो. माळी काय काम करणार होता, त्याची मजुरी कोण देणार होते, खत कोठून येणार होते, इकडे माझे कधी लक्षच गेले नाही. सेमिनरीत आम्हांस ग्रीक शिकविले, कुदळ धरावयास शिकविले नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. अंगणाकरिता जो काही निधी जमेल, त्यातील रुपयातले चार आणे खड्डे, रोपे व कुंपण ह्यांवर खर्च व्हावेत. बारा आणे बँकेत वेगळ्या खात्यावर ठेवावेत व ते तीन उन्हाळ्यांच्या पाण्यास आणि राखणीस पुरवावेत. ठोकळ्यांचे काम अगदीच नको असे मी म्हणत नाही. फाटकापासून पायऱ्यांपर्यंतची वाट व नळाचा कट्टा पक्का करावा. तेथे चिखल खरोखरच त्रास देतो. त्यापलीकडे मात्र माती मातीच राहू द्यावी, आणि वाचलेल्या पैशातून छपराचे पावसाचे पाणी साठविण्याची टाकी बांधावी. आपले जे बांधव दर्यापूर-मूर्तिजापूरकडून आलेले आहेत त्यांस टाकीचे मोल सांगावे लागणार नाही. त्यांच्याकडील खारपाणपट्ट्यात विहिरीस पाणी लागते पण ते तोंडात धरवत नाही व रोपासही मानवत नाही. तेथे पाऊस साठवील तोच बाग पाहील.

कामाची रीत जाणत्यांकडून मी विचारून घेतली आहे. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात व त्या कोवळी मुळे तोडतात. पावसाळ्यात तीच जमीन पाणी धरून बसते व मुळे कुजतात. त्यात अंगणावर वर्षानुवर्षे मुरूम दाबलेला आहे, तो फोडल्यावाचून मुळास वाट नाही. म्हणून खड्डे आताच, उन्हात खणून तापू द्यावेत, तळ्यातला गाळ व शेणखत घालून भरावेत, रोप किंचित उंचवट्यावर लावावे आणि आळ्यावर कुटार व पाचोळा पसरावा. शेजारी एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यातले पाणी झिरपत झिरपत रोपास मिळते. भोवती बाभळीचे काटे व पऱ्हाट्या लावल्या म्हणजे शेळीचे भय राहत नाही. पश्चिमेच्या बाजूस कडुनिंब व करंज लावावेत, कारण दुपारचे ऊन तिकडून येते आणि ह्या दोन झाडांस ऐन उन्हाळ्यात नवी पालवी असते. साग लावू नये; मुलांस सावली हवी असते तेव्हाच तो उघडा पडतो. चिंच एक तरी असावी. ती सावकाश वाढते, पण चिंचेखाली दगड मारीत न वाढलेले बालपण हे बालपणच नव्हे असे माझे मत आहे, शिक्षकांनी मला क्षमा करावी.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. दोनशे मुलांनी जेवणापूर्वी व नंतर मिळून एकेक लिटर पाण्याने हात-ताटली धुतली तर दिवसास दोनशे लिटर होते. वीस रोपांस दहा-दहा लिटर. ते पाणी आज गटारात जाते. नळाच्या कट्ट्यापासून एक चर काढला की शाळेच्या दिवसांचा प्रश्न सुटला. राहिला सुटीचा प्रश्न, आणि तेथेच आपले खरे भांडण आहे.

होय, भांडणच म्हणतो. फाटक सायंकाळी व सुटीत वस्तीकरिता उघडे ठेवावे असे मी समितीत नुसते सुचविले तेव्हा जे बोलणे निघाले ते मला सर्व आठवते. कोणी म्हणाले, कुंड्या चोरीस जातील. कोणी म्हणाले, तेथे पत्ते व दारू चालेल. एक भगिनी हळूच म्हणाली, "फादर, ते लोक आपले नाहीत." ह्या शंका खोट्या आहेत असे मी म्हणत नाही, पहिल्या दोन तर खऱ्याच आहेत. त्याकरिता वेळ ठरवावी लागेल, दिवा लावावा लागेल, राखणदार ठेवावा लागेल, व तो वस्तीतलाच असावा लागेल, कारण घरच्या माणसाचे वस्तीतली पोरे ऐकतात. काही कुंड्या जातीलही. तिसऱ्या शंकेस मात्र माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे, की त्या वस्तीतली एकशे दहाहून अधिक मुले ह्याच शाळेच्या वर्गात बसतात. सकाळी अकरापासून पाचपर्यंत ती आपली असतात. पाचाचा टोला पडताच ती परकी होतात काय? मोझरीस मी झगा घालून त्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो तेव्हा मला कोणी विचारले नाही की तू कोणाचा. तांब्या पुढे आला.

आणखी एक लहानशी इच्छा सांगून पुरे करतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली सृष्टीच्या राखणीविषयी जे परिपत्रक काढले, त्यात असिसीच्या संत फ्रान्सिसची एक गोष्ट दिली आहे. मठाच्या बागेचा एक तुकडा मुद्दाम नांगरल्यावाचून सोडावा असे ते सांगत, म्हणजे तेथे रानफुले व रानगवते आपोआप उगवतील. आपल्या अंगणाचाही ईशान्येकडचा कोपरा तसाच सोडावा. तेथे वाफा नको, फलक नको, बाईंची शिट्टी नको. तेथे टाकळा व तरवड उगवो, फुलपाखरे येवोत, मुलांनी मातीची घरे बांधोत. पाहुण्यांस तो कोपरा ओंगळ दिसेल, दिसू द्यावा.

आपल्या दानशूर बंधूंशी मी काल रात्री बोललो. मी जे येथे सांगितले ते त्यांस आधी सांगितले, कारण सभेत त्यांस अवचित गाठणे शोभले नसते. त्यांनी विचार करून कळवितो असे सांगितले आहे. त्यांनी नकार दिला तरी त्यांच्याविषयी माझा आदर रतिभर कमी होणार नाही, आणि आपणांपैकीही कोणी त्यांस बोल लावू नये. ठोकळ्यांची कल्पना त्यांस मुलांच्या प्रेमातूनच सुचली.

वस्तीच्या वतीने तिघी बायांनी व एका रिक्षावाल्या बंधूंनी सुटीत पाळीपाळीने पाणी घालण्याचे कबूल केले आहे. ते येथे मागे बसले आहेत. पुढे खुर्च्या रिकाम्या असताना मागे का बसले ते मी आता विचारीत नाही. त्यांस फाटकाची एक किल्ली द्यावयाची आहे. समितीची हरकत नसेल तर ती आज सभा संपल्यावर द्यावी. हरकत असेल तर माझ्याजवळची किल्ली मी त्यांस देईन व मी कचेरीच्या दाराने जाईन.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपण अंगणात फक्कीने खुणा करणार आहोत. पहिली खूण पायऱ्यांपुढे, जेथे ती मुलगी पडली होती, तेथे करावयाची आहे; ती तिच्याच हातून करून घ्यावी असे शिक्षिकांनी ठरविले आहे. खड्डा दोन हात खोल हवा. शाळेत कुदळी चारच आहेत, आणि त्यांतल्या एकीचा दांडा मोडलेला आहे. ज्यांच्या घरी कुदळ, पहार, घमेले असेल त्यांनी ते बरोबर आणावे व त्यावर आपले नाव घालावे, म्हणजे परत करताना घोटाळा होणार नाही.